सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम डिस्क: एमआरएसए पकडायला कितपत भरवशाची?

आधी एक सांगून टाकावं: ही डिस्क लावणाऱ्या कुणालाही सेफॉक्सिटिनशी काही देणंघेणं नसतं. स्टॅफच्या (स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या) संसर्गावर हे औषध सहसा कुणी लिहून देत नाही आणि रिपोर्टात त्याचं नावही छापायचं नसतं. प्रश्न असतो ऑक्सासिलिनचा (हा मेथिसिलिनचाच भाऊबंद), उत्तर घ्यायचं सेफॉक्सिटिनकडून. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे ज्याला कळलं त्याच्या हातात ही सहा मिलिमीटरची कागदी चकती फार कामाची आहे. ज्याला डिस्कभोवतीच्या झोनबद्दल (जिवाणू न उगवलेल्या वर्तुळाबद्दल) फक्त ‘२२ मि.मी. आणि वर म्हणजे सेन्सिटिव्ह’ एवढंच पाठ आहे, त्याच्या हातून ती अधूनमधून एखादा एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) बिनबोभाट सोडून देईल. तरीही स्टॅफच्या प्लेटवर एकच डिस्क लावायची मुभा असेल तर ती हीच असावी.

मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच ब्रिटनमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसची नोंद झाली. त्यामागचं जनुक म्हणजे मेक-ए. साध्या ऑरियसकडे पेशीभित्तिका विणणारी चार पेनिसिलिन-बाइंडिंग प्रथिनं असतात. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातलं) औषध त्यांना चिकटून बसलं की विणकाम थांबतं. मेक-ए जनुकातून पाचवं प्रथिन तयार होतं, पीबीपी-२ए, आणि ते या औषधांना सहजासहजी दाद देत नाही. गंमत म्हणजे एकट्यानं तेही अपुरंच आहे. साखळी लांबवण्याचं काम त्याला मूळच्या पीबीपी-२ कडून करून घ्यावं लागतं, ते स्वतः फक्त आडवे टाके घालतं.

पण जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. मेक-एच्या शेजारी मेक-आय आणि मेक-आर१ ही दोन जनुकं असतात. मेक-आयचं प्रथिन मेक-एच्या तोंडावर ठाण मांडून त्याला बंद ठेवतं. मेक-आर१चं प्रथिन पेशीच्या पटलात रुतलेलं असतं. त्याच्या बाहेरच्या टोकाला बीटा-लॅक्टम चिकटलं की आत निरोप जातो, मेक-आय कापलं जातं आणि मेक-ए मोकळं होतं. पेनिसिलिनेज (पेनिसिलिन फोडणारं विकर) तयार करणाऱ्या ब्ला-झेड जनुकावरही अशीच एक जोडी पहारा देते, ब्ला-आय आणि ब्ला-आर१. ही जोडी मेक-एलाही दाबून ठेवू शकते आणि सोडूही शकते. फरक वेगाचा आहे: ब्ला जोडी काही मिनिटांत हलते, मेक जोडीला तास लागतात.

आता यात स्ट्रेनगणिक भानगडी आहेत. मेक-ए वाहून नेणाऱ्या एससीसीमेक या डीएनएच्या फिरत्या तुकड्याच्या प्रकार १ आणि ४ मध्ये मेक-आय उडालेलं आणि मेक-आर१ अर्धवट तुटलेलं असतं. तिथे ब्ला जोडी असेल तर तिचंच राज्य, नसेल तर जनुक सदा उघडं. प्रकार २ आणि ३ मध्ये मेक-आय शाबूत असू शकतं आणि मग कुलूप घट्ट बसतं. जपानमध्ये १९८२ साली मिळालेला एन३१५ हा याचा नमुना. अंगात मेक-ए असूनही मेक-आयच्या दाबाखाली तो मेथिसिलिनला बळी पडल्यासारखा दिसे. अशांना प्री-एमआरएसए म्हणतात.

ऑक्सासिलिन मेक-ए उघडायचं हे बटण हळू दाबतं, सेफॉक्सिटिन ते जोरात दाबतं. द्राविडी प्राणायामाचं कारण एवढंच. शिवाय स्टॅफचं पेनिसिलिनेज सेफॉक्सिटिनला फारसं फोडू शकत नाही, त्यामुळे पेनिसिलिनेजचा गोंधळ उत्तरात मिसळत नाही. थोडक्यात, ही डिस्क औषध मोजत नाही, जनुकाला डिवचून बघते.

जुनी ऑक्सासिलिन १ मायक्रोग्रॅम डिस्क ज्यांनी वाचली आहे त्यांना फरक वेगळा सांगायला नको. हेटेरोरेझिस्टंट स्ट्रेनमध्ये पूर्ण ताकदीनं प्रतिरोध दाखवणाऱ्या पेशी दहा हजारांत एक ते दहा कोटींत एक इतक्या विरळ असू शकतात. ऑक्सासिलिनभोवती त्या धूसर पडद्यासारख्या उगवायच्या, प्लेट दिव्यासमोर धरून डोळे बारीक करून बघायला लागायचं आणि दोघांची दोन मतं व्हायची. सेफॉक्सिटिनची कड बहुतेक वेळा स्वच्छ येते. म्हणून सीएलएसआय या चाचण्यांची प्रमाणकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनं ऑरियससाठी ऑक्सासिलिनची डिस्क काढूनच टाकली.

वापराकडे वळू. मुएलर-हिंटन अगर, पीएच ७.२ ते ७.४, जाडी ४ मि.मी. (९० मि.मी.च्या प्लेटमध्ये साधारण २५ मि.ली.). रात्रभर वाढलेल्या, निवड न करणाऱ्या माध्यमावरच्या ताज्या कॉलन्या थेट सलाइनमध्ये विरघळवून ०.५ मॅकफार्लंड (प्रमाण नळीशी ताडून बघायची गढूळता). १५ मिनिटांच्या आत स्वॅब बुडवायचा, नळीच्या भिंतीवर दाबून पिळायचा आणि तीन दिशांनी फिरवून कडेनं एक वळसा. डिस्क टेकवली की पुन्हा उचलून सरकवायची नाही, औषध तेवढ्यात पसरायला लागलेलं असतं. त्यानंतर १५ मिनिटांत इनक्युबेटरमध्ये. ऑरियससाठी १६ ते १८ तास, इतर कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफसाठी (ज्यांच्यात रक्तद्रव गोठवणारं कोअॅग्युलेज विकर नसतं) पूर्ण २४.

तापमान हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित मुद्दा आहे. ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, वर नाही. पुष्कळ लॅबमध्ये एकच इनक्युबेटर ३७ वर लावलेला असतो आणि सगळ्या प्लेटा त्यातच जातात. बाकी जिवाणूंचं त्यात फारसं बिघडत नाही, मेक-एचं बिघडतं. ३५ च्या वर हा प्रतिरोध दबतो आणि एमआरएसए सेन्सिटिव्ह दिसू शकतो. कंट्रोल स्ट्रेन बरोबर येतात म्हणून कुणाला शंकाही येत नाही. प्लेटांची चळत पाचापेक्षा उंच ठेवली तर मधल्या प्लेटा उशिरा तापतात, तेही लक्षात असू द्यावं.

चुका कुठल्या दिशेला नेतात हे एकदा डोक्यात बसलं की शोध सोपा होतो. अगर जाड झाला, सस्पेन्शन दाट झालं किंवा डिस्कमधलं औषध उतरलं तर झोन आकसतो आणि साधा स्टॅफ एमआरएसए ठरतो. रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन मिळतं. अगर पातळ असेल किंवा सस्पेन्शन फिकं असेल तर झोन फुगतो आणि एमआरएसए सुटतो. ही दुसरी चूक कैकपटींनी महाग. घाईच्या दिवशी मॅकफार्लंडशी तुलना न करता ‘नजरेनं’ केलेलं फिकं सस्पेन्शन हे तिचं नेहमीचं मूळ. विरळ लॉनमध्ये स्वॅबच्या रेघा सुट्या दिसत असतील तर ती प्लेट मोजू नये, परत लावावी.

वाचताना अगरच्या मागच्या बाजूनं, काळ्या न चमकणाऱ्या पृष्ठभागावर, परावर्तित प्रकाशात. ऑरियस आणि लगडुनेन्सिस (स्टॅफचीच दुसरी प्रजाती) यांच्यासाठी २२ मि.मी. किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, २१ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. मधली पायरी नाही. एपिडर्मिडिस आणि बहुतेक इतर कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफसाठी सीएलएसआयची रेघ २५ आणि २४ मध्ये आहे.

आता एक प्लेट घ्या. झोन नीट गोल, कॅलिपरवर २३ मि.मी. हा ऑरियस असेल तर सेन्सिटिव्ह, एपिडर्मिडिस असेल तर रेझिस्टंट. म्हणजे डिस्कचा निकाल डिस्कवर नव्हे, कोअॅग्युलेज टेस्टवर ठरला. आणि तिथेच फसगत होते. लगडुनेन्सिस स्लाइड कोअॅग्युलेजला पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि ऑरियस समजला जातो. त्यात नुकसान नाही, कारण दोघांची रेघ एकच. सुडइंटरमिडियस मात्र ट्यूब कोअॅग्युलेजलाही पॉझिटिव्ह येतो. कुत्र्याच्या चाव्याच्या जखमेतून तो आला, ऑरियस म्हणून नोंदवला गेला आणि सेफॉक्सिटिन लावलं, की मेक-ए असूनही झोन मोठा येऊ शकतो. त्या प्रजातीत सेफॉक्सिटिनवर विसंबता येत नाही. तिच्यासाठी ऑक्सासिलिनची १ मायक्रोग्रॅम डिस्क लागते (१८ आणि वर सेन्सिटिव्ह, १७ आणि खाली रेझिस्टंट). निवृत्त केलेली जुनी डिस्क फ्रीजमधून पूर्णपणे हद्दपार न करण्याचं कारण हेच.

झोनच्या आत टाचणीच्या टोकाएवढ्या दोन-तीन कॉलन्या दिसल्या तर ‘भेसळ असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. त्या कॉलन्या उचलून ग्रॅम करा, सबकल्चर करा, पुन्हा लावा. तोच स्टॅफ निघाला तर निकाल रेझिस्टंट, बाहेरचा झोन कितीही मोठा असो. कडेवर कॅलिपर ठेवून आतल्या कॉलन्यांकडे काणाडोळा करणं ही या डिस्कच्या वाचनातली सगळ्यात घातक सवय आहे. त्या कॉलन्याच तर शोधायला ही डिस्क लावली.

डिस्क कुठे कमी पडते? मेक-ए असूनही ऑक्सासिलिनची एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) २ किंवा खाली दाखवणारे स्ट्रेन असतात. सेफॉक्सिटिन त्यांतले बरेच पकडतं, सगळे नाही. उलट बाजूला बोर्सा (ऑक्सासिलिनला जेमतेम सीमेवर विरोध करणारे ऑरियस): मेक-ए नाही, पण पेनिसिलिनेज भरमसाट. ऑक्सासिलिनची एमआयसी सीमेवर खेळते आणि सेफॉक्सिटिन बहुधा सेन्सिटिव्ह येतं. जनुकाच्या दृष्टीनं डिस्क बरोबर असते. एमआयसी आणि डिस्क भांडायला लागल्या तर कुणावर विश्वास ठेवायचा हे पीबीपी-२एची चाचणी किंवा मेक-ए जनुक शोधणारा पीसीआर ठरवतो.

जिथे बाकी पद्धती तोंडघशी पडतात आणि ही डिस्क उभी राहते ते प्रकरण मेक-सीचं. २०११ मध्ये उजेडात आलेलं हे जनुक मेक-एशी साधारण ७० टक्केच जुळतं. फक्त मेक-ए शोधणारा पीसीआर त्याला ओळखत नाही, पीबीपी-२ए असेल तर गुठळ्या दाखवणारी लॅटेक्स किटंही चुकू शकतात आणि ऑक्सासिलिनची एमआयसी कित्येकदा सेन्सिटिव्ह निघते. सेफॉक्सिटिन त्याला रेझिस्टंट दाखवतं. त्यामुळे ‘सेफॉक्सिटिन रेझिस्टंट, ऑक्सासिलिन सेन्सिटिव्ह, लॅटेक्स निगेटिव्ह’ असा निकाल आला की डिस्कला दोष देण्याआधी मेक-सीचा विचार करावा. (हे जनुक युरोपातल्या साळिंदरासारख्या काटेरी पण छोट्या हेजहॉगच्या अंगावर, तिथल्या बुरशीच्या पेनिसिलिनशी झगडत, औषधं निघण्याच्या कितीतरी आधी मुरलं होतं, असं २०२२ मधल्या संशोधनातून दिसलं. प्रतिरोध फक्त दवाखान्यात जन्मतो हा समज त्यानं बराच ढिला केला.)

लॅटेक्स किटबद्दल एक युक्ती: कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफमध्ये साध्या कॉलनीतून पीबीपी-२ए इतकं कमी निघतं की गुठळ्या दिसतच नाहीत. सेफॉक्सिटिन डिस्कच्या झोनच्या कडेवरची वाढ उचलली तर तिथल्या पेशींचं बटण आधीच दाबलेलं असतं आणि निकाल उजळ येतो. डिस्क आणि किट ही स्पर्धक नसून जोडीदार आहेत असं म्हणावंसं वाटतं ते यासाठी. थेट स्वॅबवरून चालणारे पीसीआर वेगवान खरे, पण त्यांतले काही एससीसीमेक आणि गुणसूत्राच्या सांध्यावर नेम धरतात. मेक-ए गळून पडलेला रिकामा तुकडा मागे राहिला तर तेही फसतात आणि साध्या स्टॅफला एमआरएसए म्हणून मोकळे होतात. क्रोमोजेनिक (कॉलन्यांना रंग आणणारा) अगर नाकाच्या स्वॅबची चाळणी करायला छान, रुग्णाच्या रक्तातल्या स्टॅफचा अंतिम निकाल द्यायला नाही.

त्याच प्लेटवर एरिथ्रोमायसिन १५ आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम शेजारी शेजारी लावल्या नाहीत तर अर्धी प्लेट फुकट गेली. इथेही प्रकरण बटणाचंच आहे, फक्त यंत्रणा निराळी. इआरएम-सी जनुकाचा संदेश-आरएनए आधीच तयार असतो, पण घडी घालून मिटलेला. त्याच्या तोंडाशी १९ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड आहे. एरिथ्रोमायसिन बसलेला रायबोसोम ते वाचता वाचता अडखळतो, आरएनएची घडी उलगडते आणि मिथिलेज विकर तयार व्हायला लागतं. ते २३एस आरआरएनएच्या ए२०५८ या जागी मिथिल गट चढवतं, की क्लिंडामायसिनचीही बैठक मोडते. एकटं क्लिंडामायसिन ही घडी उलगडू शकत नाही, म्हणून एकट्या डिस्कभोवती झोन मस्त मोठा. एरिथ्रोमायसिनच्या बाजूनं मात्र तो चपटा होतो आणि इंग्रजी डी अक्षर उमटतं.

दोन डिस्कच्या कडांमधलं अंतर सीएलएसआयप्रमाणे १५ ते २६ मि.मी. हवं. नेहमीच्या डिस्पेन्सरमध्ये केंद्र ते केंद्र २४ मि.मी. अंतर असेल तर डिस्कचे ६ वजा करून कडांमध्ये १८ उरतात. म्हणजे वेगळी मोजपट्टी लागत नाही, फक्त ही दोन कार्ट्रिज लागोपाठच्या घरांत बसवायची. कुणी साफसफाई करताना कार्ट्रिजचा क्रम बदलला की डी दिसणं बंद होतं आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. डी दिसला तर क्लिंडामायसिन रेझिस्टंट द्यायचं. डी नसला पण क्लिंडामायसिनच्या झोनमध्ये धूसर वाढ असली तरीही रेझिस्टंटच. एरिथ्रोमायसिन रेझिस्टंट, क्लिंडामायसिन सेन्सिटिव्ह आणि कड गोल गरगरीत असेल तर बहुधा औषध बाहेर फेकणारा एमएसआर-ए पंप, तिथे क्लिंडामायसिन खुशाल द्या. कंट्रोल म्हणून एटीसीसी (प्रमाण स्ट्रेनचा अमेरिकी संग्रह) बीएए-९७७ डी दाखवतो, बीएए-९७६ दाखवत नाही.

व्हँकोमायसिनची डिस्क या प्लेटवर लावून जागा अडवू नये. व्हिसा (व्हँकोमायसिनला अर्धवटच दाद देणाऱ्या ऑरियस) स्ट्रेनची भित्तिका जाड होते ती वॉल-केआर, व्ह्रा-एसआर, ग्रा-आरएस अशा नियामक जनुकांतल्या बारीक बदलांमुळे. एमआयसी २ वरून ४ वर जाते आणि डिस्कच्या झोनमध्ये फरक दिसत नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन आणि पूर्ण २४ तास लागतात.

रिपोर्ट लिहिताना सेफॉक्सिटिन रेझिस्टंट आलं तर ‘ऑक्सासिलिन रेझिस्टंट’ असं लिहायचं. मग सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, क्लॅव्हुलॅनेट जोडलेली औषधं या सगळ्यांचे झोन कितीही मोठे आले तरी ते छापायचे नाहीत. अपवाद सेफ्टारोलिनसारख्यांचा, कारण ते पीबीपी-२एच्या दूरच्या एका खाचेत बसून त्याचं मिटलेलं तोंड उघडायला लावतं.

राहता राहिली खरेदी आणि साठवण. साठा उणे २० अंशांवर, रोजचं कार्ट्रिज २ ते ८ अंशांवर सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात, आठवड्याभरात संपेल एवढंच बाहेर. फ्रीजमधून काढल्यावर डबा एक-दोन तास न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. गार डबा उघडला की हवेतलं दव थेट कागदावर जमतं आणि बीटा-लॅक्टम वलय पाण्यानं फुटतं. निळं सिलिका गुलाबी पडलं असेल तर आधी ते बदला. एटीसीसी २५९२३ वर झोन २३ ते २९ मि.मी. यायला हवा. तो कक्षेत असूनही रोज २३-२४ वरच रेंगाळत असेल तर डिस्क किंवा अगर घसरणीला लागलेत असं समजावं. हा स्ट्रेन मेक-ए नसलेला आहे. त्यावरून फक्त औषधाची मात्रा कळते. एमआरएसए सापडतो की नाही हे बघायला मेक-ए असलेला एटीसीसी ४३३०० सोबत लावावाच.

आणि नवीन लॉट आला की डिस्कवर छापलेली खूण भिंगातून बघा. काही उत्पादक सेफॉक्सिटिनला एफओएक्स ३० छापतात, काही सीएक्स ३०. सीटीएक्स ३० हे सेफोटॅक्झिम आणि सीएक्सएम ३० हे सेफ्युरोक्झिम. मात्रा तीच, अक्षरं जवळपास तीच, कार्ट्रिज फ्रीजच्या एकाच खणात. सेफोटॅक्झिमची २५९२३ वरची कक्षा २५ ते ३१ मि.मी., म्हणजे बसवताना अदलाबदल झाली आणि रोजच्या कंट्रोलवर २७ आले तर दोन्ही तक्त्यांत ते बिनचूक बसतात.